बाल्टिक किनाऱ्यावरचे तीन देश आणि एक बस: विल्नियस ते टालिन सहलीचे परीक्षण

लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया ही नावे बहुतेक वेळा एका दमात घेतली जातात, आणि बस सहली काढणाऱ्या कंपन्याही हे तिन्ही देश एकाच पॅकेजमध्ये विकतात. त्यात सोय आहे, हे मान्यच केले पाहिजे. तिन्ही देशांची लोकसंख्या एकत्र केली तरी ती ६० लाखांच्या आसपास भरते. विल्नियसहून रिगा सुमारे ३०० किलोमीटर आणि रिगाहून टालिन त्याहून थोडेसेच अधिक आहे. रस्ते सपाट आणि चांगले आहेत, चलन सगळीकडे युरो आहे आणि २००७ च्या डिसेंबरपासून हे देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे आपापसातल्या सीमांवर पासपोर्ट दाखवावा लागत नाही. मात्र ही सोयच या सहलीचा सर्वांत मोठा धोका आहे. लिथुआनिया कॅथलिक आहे आणि एकेकाळच्या विस्तीर्ण राज्याची आठवण बाळगून आहे. लॅटव्हिया आणि एस्टोनिया यांवर जर्मन सरदार, व्यापारी आणि ल्यूथरपंथी चर्च यांची अनेक शतकांची छाप आहे. आणि एस्टोनियाची भाषा तर शेजाऱ्यांशी नाते न सांगता थेट फिनिश भाषेशी सांगते. म्हणून या सहलीचे मूल्यमापन मी एकाच कसोटीवर केले आहे: सहल संपल्यावर हे तीन देश प्रवाशाच्या मनात तीनच राहतात, की त्यांची सरमिसळ होते? माझे उत्तर असे की ते तीन राहतात, आणि त्याचे श्रेय जवळजवळ संपूर्णपणे स्थानिक गाईडना जाते. आयोजक कंपनीने मात्र काही ठिकाणी स्वतःच्याच चांगल्या कामावर पाणी टाकले आहे.

प्रथम व्यवस्थेविषयी. आमच्या गटात वेगवेगळ्या देशांतील, बहुतांशी साठीच्या पुढचे प्रवासी होते आणि सगळे निवेदन इंग्रजीतून होते. संपूर्ण प्रवासात एकच टूर लीडर आणि एकच चालक सोबत राहिले, तर प्रत्येक राजधानीत त्या त्या शहराचा परवानाधारक गाईड वेगळा होता. बसमधल्या जागा रोज बदलल्या जात, त्यामुळे पुढच्या काचेचे दृश्य सर्वांच्या वाट्याला आले आणि रोजची संभाव्य कुरबुर मुळातच टळली. पायी फिरताना कानात लावायचे हेडसेट दिले होते. ते नसते तर टालिनच्या चौकात उभ्या असलेल्या दहा गटांच्या गोंगाटात आमच्या गाईडचा एकही शब्द कळला नसता. खोलीपर्यंत सामान पोहोचवण्याची सेवा मूळ किमतीत धरलेली होती आणि ती एकदाही चुकली नाही. या गोष्टी माहितीपत्रकात लहान अक्षरांत असतात, पण प्रत्यक्ष प्रवासात थकवा कमी करण्याचे काम त्याच करतात.

बस सहलीला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाला साडेचार तासांच्या चालवण्यानंतर किमान ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसभरातले चालवणे साधारणपणे ९ तासांत बसवावे लागते, रात्रीच्या विश्रांतीचे तास ठरलेले असतात, आणि गाडीतले टॅकोग्राफ नावाचे यंत्र या सगळ्याची नोंद ठेवते. त्यामुळे एखादा प्रवासी वीस मिनिटे उशिरा आला, तर तो वेळ पुढे वेगाने गाडी हाकून भरून काढता येत नाही. तो थेट पुढच्या ठिकाणाच्या वेळेतून कापला जातो. संध्याकाळी जेवायला गावात जाण्यासाठी बस का मिळत नाही, याचेही उत्तर तेच आहे. आमच्या टूर लीडरने हे पहिल्याच सकाळी शांतपणे समजावून सांगितले आणि त्यानंतर गटात वेळेची शिस्त आपोआप आली.

विल्नियस हा या सहलीचा सर्वांत उत्तम भाग होता. जुने शहर १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, परंतु ते टालिनसारखे पाहताक्षणी डोळ्यांत भरत नाही; ते हळूहळू उलगडते, आणि म्हणून तिथे चांगल्या गाईडची गरज अधिक आहे. लाल विटांचे सेंट ॲन चर्च, १५७९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाची एकातून दुसऱ्यात उघडणारी प्रांगणे, आणि पहाटद्वार या जुन्या वेशीच्या कमानीवरचे मेरीचे चित्र, जिथे रस्त्यावरून जाणारी माणसे क्षणभर थांबून क्रॉसची खूण करतात आणि पुढे कामाला लागतात, हे सगळे गाईडने घाई न करता दाखवले. सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्चमध्ये तिने आम्हाला आधी काहीही न सांगता आत बसवले. बाहेरून अगदी साध्या दिसणाऱ्या त्या इमारतीच्या आत पांढऱ्या गिलाव्यातल्या दोन हजारांहून अधिक आकृती छतापर्यंत चढत गेलेल्या आहेत, आणि त्यांकडे नीट पाहून झाल्यावरच तिने सतराव्या शतकातल्या त्या कारागिरीची हकिगत सांगितली. पाहण्याला आधी आणि माहितीला नंतर स्थान देणारा गाईड क्वचितच भेटतो.

कॅथीड्रलच्या चौकात फरशीत बसवलेला एक दगड आहे. २३ ऑगस्ट १९८९ रोजी सोव्हिएत सत्तेच्या निषेधार्थ तिन्ही देशांतील सुमारे २० लाख लोकांनी हातात हात धरून विल्नियसपासून रिगामार्गे टालिनपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी उभी केली, तिच्या विल्नियसकडच्या टोकाची ती खूण आहे. दिवसही विचारपूर्वक निवडला होता: ज्या करारातील गुप्त कलमांनी या देशांचे भवितव्य हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी आपसात वाटून घेतले, त्या कराराला त्या दिवशी बरोबर ५० वर्षे होत होती. आमची गाईड तेव्हा शाळकरी होती. रस्त्याच्या कोणत्या टप्प्यावर माणसे कमी पडत आहेत हे रेडिओवरून सांगितले जात होते, आणि तिच्या वडिलांनी ते ऐकून शहरात थांबण्याऐवजी गाडी बाहेरच्या ओसाड रस्त्याकडे वळवली. तिथे शेताच्या कडेला अनोळखी माणसांचा हात धरून उभे राहिल्याचे तिने सांगितले, तेव्हा हेडसेटमधून तिच्या श्वासाचा आवाजही ऐकू येत होता. पुढच्या सगळ्या प्रवासाला या एका हकिगतीने दिशा दिली, कारण त्यानंतर आम्ही ज्या ज्या गावातून गेलो तिथे ही साखळी कुठून गेली होती, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतच राहिले.

साखळीचा मार्ग आणि बसचा मार्ग एक नाही, हेही इथे सांगायला हवे. साखळी विल्नियसहून पानेवेझिस आणि बाउस्कामार्गे रिगाला आली आणि पुढे सिगुल्दा, व्हाल्मिएरा, विल्यांदी अशी आतल्या भागातून टालिनला पोहोचली. बस मात्र आधी पश्चिमेला वळते आणि शेवटच्या टप्प्यात समुद्रकाठचा महामार्ग धरते. दोन्ही मार्ग रिगाखेरीज सिगुल्द्याजवळ एकमेकांना भेटतात. आयोजकांनी बसमध्ये दोन्ही मार्ग दाखवणारा एक साधा नकाशा वाटला असता, तर इतिहासाला भूगोलाची जोड आपोआप मिळाली असती.

ट्राकायविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. विल्नियसपासून अर्ध्या-पाऊण तासावर गाल्वे सरोवरातल्या बेटावर लाल विटांचा किल्ला आहे, तो सुंदर आहे, आणि त्याचा मोठा भाग विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे, हे गाईडने प्रामाणिकपणे सांगितले. मला तिथे किल्ल्याइतकीच त्याच्यासमोरची वस्ती महत्त्वाची वाटली. महाराजा व्हिटाउटसने चौदाव्या शतकाच्या अखेरीस क्रिमियातून आणून वसवलेल्या काराइम या तुर्की वळणाची भाषा बोलणाऱ्या छोट्या समाजाची रंगीत लाकडी घरे अजून उभी आहेत, प्रत्येकाच्या रस्त्याकडच्या बाजूला तीन खिडक्या, आणि मटणाचे सारण भरलेली त्यांची किबिनाय नावाची भाजलेली करंजी प्रत्येक हॉटेलात मिळते. इथे वेळ पुरेसा होता.

कौनासमध्ये मात्र कंपनीने मोठी संधी दवडली. विल्नियस पोलंडच्या ताब्यात असताना, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, लिथुआनियाची तात्पुरती राजधानी कौनास होती. त्या दोन दशकांत नव्या देशाने जे बांधले, ती आधुनिक वास्तुकला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत दाखल झाली. याच शहरात १९४० च्या उन्हाळ्यात जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी हजारो ज्यू निर्वासितांना जपानमार्गे निसटता यावे म्हणून हाताने व्हिसा लिहून दिले. त्यांचे कार्यालय असलेले घर आज संग्रहालय आहे. आमच्या सहलीत कौनास म्हणजे नदीकाठी जेवणाचा थांबा आणि टाउन हॉलच्या चौकात एक फेरी, एवढेच होते. सुगिहारा यांचे नाव बसमध्ये दोन वाक्यांत येऊन गेले. त्याच दिवशी अंबरच्या, म्हणजे प्राचीन झाडांच्या गोठून कठीण झालेल्या डिंकाच्या दागिन्यांच्या, एका दुकानात मात्र आम्हाला भरपूर वेळ दिला गेला. खाऱ्या पाण्यात खरे अंबर तरंगते आणि नकली काचेचे बुडते, हे प्रात्यक्षिक पाहण्यासारखे आहे, पण ते दहा मिनिटांत संपते. उरलेला वेळ विक्रीसाठी होता, आणि तो कौनासच्या वाट्याचा होता.

शाउल्याय गावाच्या उत्तरेला सुमारे १२ किलोमीटरवर असलेली क्रॉसची टेकडी छायाचित्रांतून कळत नाही. आकाराने ती लहान आहे, चढायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण तिच्यावर लहानमोठे एक लाखाहून अधिक क्रॉस एकमेकांत गुंतून उभे आहेत, मोठ्या क्रॉसवर लहान क्रॉस आणि लहानांवर जपमाळा टांगलेल्या आहेत, आणि वारा आला की लाकूड, धातू आणि मणी यांचा मिळून एक बारीक किणकिणाट सगळ्या टेकडीभर पसरतो. सोव्हिएत सत्तेने १९६१ पासून ही टेकडी अनेकदा बुलडोझरने साफ केली आणि लोकांनी रात्री येऊन पुन्हा क्रॉस रोवले. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे इथे येऊन गेल्यावर ती जगाला ठाऊक झाली. टूर लीडरने इथे गट सोडून दिला, हेडसेट बंद करायला सांगितले आणि फक्त परतण्याची वेळ दिली. हा निर्णय अगदी योग्य होता. इथले कोणतेही निवेदन त्या आवाजाच्या आड आले असते.

यानंतर बस गावरस्त्यांनी लॅटव्हियात शिरते. विजेच्या खांबांवर करकोच्यांची प्रचंड घरटी, त्यांत उभी पिल्ले आणि खाली ओलसर कुरणे हे दृश्य या भागात उन्हाळ्यात सतत दिसते. अशा वेळी बसची उंच खिडकी खासगी मोटारीपेक्षा नक्कीच सरस ठरते. रुंडाले राजवाडा कूरलँडच्या, म्हणजे आजच्या लॅटव्हियातल्या एका जुन्या संस्थानाच्या, ड्यूक बिरॉनसाठी वास्तुकार रास्त्रेल्ली यांनी अठराव्या शतकात बांधला. पुढे सेंट पीटर्सबर्गचा हिवाळी राजवाडा बांधणारे हेच ते रास्त्रेल्ली. सोनेरी दालन, पांढरे दालन, गुलाबाची बाग हे सगळे अपेक्षेप्रमाणे आहे. मला अधिक लक्षवेधी वाटले ते असे, की दुसऱ्या महायुद्धानंतर याच राजवाड्यात धान्य साठवले जात होते आणि पुढे ड्यूकच्या भोजनदालनाची शाळेची व्यायामशाळा झाली होती. १९७२ मध्ये संग्रहालय स्थापन झाल्यावर अनेक दशके चाललेल्या जीर्णोद्धारातून आजचे रूप उभे राहिले आहे. ज्यांना राजवाड्यांचा कंटाळा आहे, त्यांनी आत न जाता बागेत बसावे. काही बिघडत नाही.

रिगाविषयी माझी तक्रार हॉटेलापासून सुरू होते. माहितीपत्रकात हॉटेल मध्यवर्ती म्हटले होते. प्रत्यक्षात ते दाउगावा नदीच्या पलीकडच्या तीरावर होते, आणि नदी इतकी रुंद आहे की पूल ओलांडून जुन्या शहरात चालत जाणे हा वयस्कर माणसांसाठी संध्याकाळचा फेरफटका राहत नाही. खोल्या स्वच्छ होत्या, न्याहारी उत्तम होती, परंतु ज्या शहरात संध्याकाळी दहानंतरही उजेड असतो तिथे प्रवाशांना नदीपलीकडे ठेवणे म्हणजे त्यांच्या हातातली सर्वांत सुंदर वेळ काढून घेणे आहे. आरक्षण करण्यापूर्वी हॉटेलाचे नाव मागून घ्यावे आणि नकाशावर ते जुन्या शहराच्याच तीरावर आहे का, हे पाहावे.

शहर मात्र भव्य आहे. रिगात आर नूव्हो या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अलंकृत शैलीच्या सुमारे ८०० इमारती आहेत, आणि युरोपात इतरत्र एवढ्या संख्येने त्या सापडणे कठीण आहे. आल्बेर्ता रस्त्यावर मिखाइल आयझेन्स्टाइन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या घरांसमोर आमचा गाईड थांबला आणि त्याने एकाच दर्शनी भिंतीवरचे चेहरे तळापासून वर मोजायला लावले: किंचाळणारे, झोपलेले, मुकुट घातलेले, आणि सर्वांत वर, ज्या मजल्यामागे छप्परच नाही, केवळ आकाश आहे, अशा खिडक्या. प्रख्यात चित्रपट दिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइन हे या वास्तुकाराचे पुत्र. पुढे चौकातले ब्लॅकहेड्स व्यापारी संघाचे घर दाखवताना, ते १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, १९४८ मध्ये त्याचे अवशेषही हटवले गेले आणि आजची इमारत १९९५ ते १९९९ या काळात नव्याने उभारलेली आहे, हे त्याने लपवले नाही. मध्यवर्ती बाजाराला दिलेला वेळही सार्थकी लागला. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन हवाई जहाजांच्या हँगरांचे लोखंडी सांगाडे वापरून १९३० मध्ये पाच मोठ्या मंडपांचा हा बाजार सुरू झाला. माशांच्या मंडपात धुरावलेल्या माशांच्या सोनेरी ओळी लागलेल्या असतात. भाजीच्या मंडपात लोणच्याच्या पिंपांवर शेपूच्या फुलोऱ्याच्या जुड्या ठेवलेल्या असतात, आणि विक्रेत्या बायका काळ्या पावाचा पातळ काप मीठ न लावता आधी चाखायला देतात.

एका विषयावर या सहलीचे मौन मला खटकले. विल्नियसला एकेकाळी लिथुआनियाचे जेरुसलेम म्हटले जाई. शहराबाहेरच्या पानेर्याय जंगलात आणि रिगाजवळच्या रुंबुला जंगलात १९४१ मध्ये नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांनी तिथल्या ज्यू नागरिकांची सामूहिक हत्या केली. रुंबुल्यात ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर या दोन दिवसांत सुमारे २५,००० माणसे मारली गेली. सोव्हिएत छळाविषयी सर्व गाईड सविस्तर आणि मनापासून बोलले, आणि ते बोलणे आवश्यकच आहे. परंतु या दुसऱ्या दुःखाला अधिकृत कार्यक्रमात स्वतंत्र जागा नव्हती. रिगाच्या गाईडला मी विचारले, तेव्हा त्याने ठरलेला मार्ग थोडा बदलून जळालेल्या सिनेगॉगच्या जागेवरचे स्मारक दाखवले आणि अतिशय संयमाने माहिती दिली. म्हणजे ज्ञान आणि इच्छा दोन्ही होते. कार्यक्रम आखणाऱ्यांनी त्यासाठी अर्धा तास ठेवायला हवा होता.

सिगुल्दा आणि तुराइदा हा दिवस अनेक प्रवाशांनी आधी विश्रांतीचा दिवस समजला होता. गाउया नदीच्या खोऱ्यावर उभा असलेला तुराइद्याचा विटांचा किल्ला १२१४ मध्ये बांधायला घेतला गेला, आणि त्याच्या मनोऱ्यावरून जंगलाशिवाय काहीच दिसत नाही, हेच त्याचे वैभव आहे. किल्ल्याच्या बाजूला लोकगीतांची टेकडी आहे, तिच्यावर दगडी शिल्पे विखुरलेली आहेत. लॅटव्हियन दाइना म्हणजे बहुधा चार ओळींची लहान गीते. क्रिश्यानिस बारोन्स यांनी एकोणिसाव्या शतकापासून पुढे अशी दोन लाखांहून अधिक गीते चिठ्ठ्यांवर लिहून एका खणांच्या कपाटात लावून ठेवली, आणि ते कपाट आज रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. काम करता करता बायकांनी रचलेली, ऊन, पाऊस, माहेर, सासर आणि मृत्यू यांविषयी बोलणारी ही गीते ऐकताना जात्यावरच्या ओवीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. गाईडने एक दाइना गाऊन दाखवली. तिचा आवाज साधा होता आणि चाल दोन-तीन सुरांतच फिरत होती, पण या लोकांनी स्वातंत्र्य मागताना गाण्याचाच आधार का घेतला, हे त्या दोन मिनिटांत समजले.

रिगा ते टालिन हा टप्पा बसच्या दृष्टीने सर्वांत सुखद आहे. महामार्ग बराच वेळ रिगाच्या आखाताच्या कडेने पाइनच्या जंगलातून जातो, आणि लॅटव्हिया कधी संपला हे जुन्या, रिकाम्या तपासणी चौक्यांवरूनच कळते. पार्नू हे एस्टोनियातले उन्हाळी सुट्टीचे गाव. तिथे जेवण, वाळूवर थोडे चालणे आणि पुन्हा बस. याहून अधिक वेळेची गरज नव्हती. या रस्त्यावर टूर लीडरने एस्टोनियाविषयी सलग तासभर बोलून जे सांगितले, त्यात भाषा, शेती, आणि स्वातंत्र्यानंतर शाळांमध्ये संगणक पोहोचवण्याचा निर्णय हे सगळे होते. लांबच्या रस्त्याचा इतका चांगला उपयोग फार थोडे टूर लीडर करतात.

टालिन पाहताक्षणी जिंकते, आणि तीच त्याची अडचण आहे. तटबंदी, मनोरे, १४०४ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल, त्याच्यासमोरचे किमान १४२२ पासून नोंद असलेले औषधांचे दुकान, वर तूम्पेआ टेकडीवर रशियन साम्राज्याने १९०० मध्ये पूर्ण केलेले अलेक्झांडर नेव्हस्की कॅथीड्रल, आणि तिथल्या सज्जांवरून दिसणारी लाल कौले आणि त्यांमागचा समुद्र. हे सगळे चालत तीन तासांत पाहून होते. पण मोठ्या क्रूझ बोटी बंदरात असतील, तर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सज्ज्यावर उभे राहायलाही जागा मिळत नाही. आमच्या गाईडने गटाला न्याहारीनंतर लगेच, इतर गट येण्यापूर्वी टेकडीवर नेले आणि मग खाली उतरवले. गुडघ्यांच्या दृष्टीनेही उतरणेच सोपे होते. इथले रस्ते दगडगोट्यांचे आहेत, पावसात ते निसरडे होतात, आणि पातळ तळव्याच्या चपला घालून आलेल्यांना दुपारपर्यंत पश्चात्ताप झाला. काठी वापरणाऱ्या प्रवाशांनी हा दिवस कठीण जाईल हे गृहीत धरावे.

टालिनचे गानमहोत्सवाचे मैदान मात्र आम्ही बसमधूनच पाहिले, आणि याचे मला वाईट वाटते. एस्टोनियात गानमहोत्सवाची परंपरा १८६९ मध्ये तार्तू शहरात सुरू झाली, आता तो दर पाच वर्षांनी टालिनच्या या मैदानात भरतो, आणि १९८८ च्या सप्टेंबरमध्ये इथेच जमलेल्या लाखो लोकांनी बंदी असलेली देशभक्तीची गाणी उघडपणे गायली. विल्नियसच्या दगडापासून सुरू झालेली हकिगत या मैदानातल्या मंचाच्या कमानीखाली पूर्ण होते. तिथे उतरवून वीस मिनिटे उभे करणे एवढेच आयोजकांना करायचे होते. दुपार मोकळी असल्यामुळे मी शहर बसने परत गेलो. जुन्या शहरापासून अंतर थोडेच आहे आणि मैदान खुले असते.

जेवणाविषयी शाकाहारी प्रवाशांनी तयारी ठेवावी, पण घाबरू नये. लिथुआनियाचे प्रसिद्ध त्सेपेलिनाय म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या मोठ्या गोळ्यात बहुधा मांसाचे सारण असते. पनीरसारख्या दह्याच्या चक्क्याचे सारणही अनेक ठिकाणी मिळते, मात्र वरून डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे घालू नका, असे आधीच सांगावे लागते. बीट, काकडी, शेपू आणि आंबवलेले दूध यांचे गुलाबी थंड सूप उन्हाळ्यात सर्वत्र असते आणि ते अप्रतिम लागते. त्यात उकडलेले अंडे असते, तेवढे ध्यानात ठेवावे. काळा राय पाव तिन्ही देशांत मिळतो आणि प्रत्येक देशात तो थोडा वेगळा लागतो. गटाची जेवणे पोटभर होती, चवीला साधारण होती. बाहेर स्वतःच्या निवडीने केलेली जेवणे अधिक चांगली ठरली.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी व्हिसाची एक बाब या सहलीत विशेष महत्त्वाची आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक असेल त्या देशाकडे करायचा असतो, आणि मुक्काम समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. तिन्ही राजधान्यांत सारख्या रात्री असलेल्या या सहलीत म्हणून विमानाचे तिकीट ठरवण्याआधीच रात्रींची मोजणी करावी, आणि मध्ये दुसऱ्या शेंगेन देशात एक दिवस थांबण्याचा विचार असेल तर त्याचाही हिशेब धरावा. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण सक्तीचे आहे. महिन्यांपैकी जून सर्वांत प्रकाशमान. जुलैत पाऊस आणि गर्दी दोन्ही असतात, आणि करकोचे ऑगस्टच्या अखेरीस दक्षिणेकडे निघून जातात.

याच मार्गावर अनेक कंपन्यांच्या सहली असतात आणि वरवर पाहता त्या सारख्याच दिसतात. निवड करताना किमतीच्या आधी तीन गोष्टी तपासाव्यात, असे मी सुचवीन: प्रत्येक राजधानीत निदान दोन रात्री आहेत का, हॉटेल जुन्या शहरापासून चालण्याच्या अंतरावर आहे का, आणि कौनासला किती वेळ दिला आहे. आमच्या कंपनीने सहलीनंतर पाठवलेल्या अभिप्रायपत्रात मी अंबरच्या दुकानाचा थांबा अर्ध्यावर आणून तो वेळ सुगिहारा यांच्या घराला द्यावा आणि टालिनमध्ये बस गानमैदानापाशी थांबवावी, अशा दोन सूचना लिहून पाठवल्या आहेत. विल्नियस आणि रिगाच्या गाईडना पुढच्या गटांसाठीही कायम ठेवावे, हेही त्यात स्वतंत्रपणे लिहिले आहे.